छेदातली माणसं

मंगळवारी दुपारी वर्गाची यादी उघडली तेव्हा तिच्यात ३४ नावं होती. सोमवारी रात्री ३६ होती. सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात यादी हलतच असते. कोणी विषय बदलतं, कोणी सकाळच्या तुकडीत जातं. म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. संध्याकाळी वर्गात गेले तर खिडकीजवळच्या बाकावर ती नेहमीसारखी वही उघडून बसलेली. यादीतून गेलेल्या दोन नावांपैकी एक तिचं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. तिने फोनवर विद्यापीठाचं खातं उघडलं. थकबाकी ३८० डॉलर. आदल्या सेमिस्टरला आईच्या आजारपणात तिने एक विषय मध्येच सोडला होता. त्यामुळे सरकारी मदतीतला काही भाग विद्यापीठाला परत करावा लागला आणि ती रक्कम तिच्या नावावर चढली. फी भरायची मुदत सोमवारी मध्यरात्री संपली आणि संगणकाने तिला चारही विषयांतून काढून टाकलं. पदवीला १२० क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल जमा होणारी एककं, लागतात, तिची १०८ झाली होती. हे चार विषय झाले की ती पदवीधर.

"शुक्रवारी पगार होईल," ती म्हणाली. शुक्रवारी पगार झाला, तिने पैसेही भरले. पण नवीन विषय घेण्याची मुदत गुरुवारी संपली होती आणि तिच्या जागी प्रतीक्षायादीतला विद्यार्थी आला होता. मी दोन कार्यालयांत जाऊन विनवण्या केल्या. दोन्हीकडे माणसं चांगली होती, नियम त्यांच्या हातात नव्हता. "तू वर्गात येत राहा, मी शिकवीन," असं मी तिला सांगितलं. ती आणखी दोन आठवडे आली. नंतर तो बाक रिकामा राहिला.

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात मी वीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे, बहुतेक सगळं संध्याकाळी. समोर बसणारे दिवसभर काम करून आलेले असतात. कोणाच्या अंगावर अजून कामावरचा गणवेश असतो, कोणी शेवटची वीस मिनिटं घड्याळाकडे बघत असतं, कारण मुलाला शेजारणीकडे ठेवलेलं असतं. आमच्यासारखी विद्यापीठं या लोकांसाठीच आहेत, असं आम्ही अभिमानाने म्हणतो. आमची फी खासगी विद्यापीठांच्या मानाने खूपच कमी. पण जे आत येतात त्यांतले किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, हा प्रश्न आला की बैठकीत कागद चाळले जातात.

त्या बैठकांमध्ये नेहमी एक तराजू मांडला जातो. एका पारड्यात परवडणारी फी, दुसऱ्यात विद्यार्थ्यांचं पुढे काय होतं ते. फी वाढवली तर जास्त शिक्षक नेमता येतील, जास्त मुलं पास होतील, पण गरीब मुलं येणार नाहीत. फी कमी ठेवली तर ती येतील, पण आपण त्यांना पुरेसं देऊ शकणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे प्रामाणिक असतात. मीही वर्षानुवर्षं कमी फीच्या बाजूने बोलत आले. त्या मंगळवारनंतर मात्र मला तराजू ही प्रतिमाच चुकीची वाटू लागली. मी गणिताची बाई, मला तिथे अपूर्णांक दिसतो. वर अंश, खाली छेद. विद्यापीठाचा खर्च भागिले दाखल झालेले विद्यार्थी, असा हिशोब केला की आम्ही स्वस्त ठरतो. तोच खर्च भागिले मिळालेल्या पदव्या, असा केला की चित्र पालटतं. आणि विद्यार्थिनीच्या बाजूने बघितलं तर तिने भरलेली फी, गमावलेले पगार, खर्च केलेल्या संध्याकाळी हे सगळं अंशात उरतं आणि छेदात शून्य. त्या भागाकाराचं उत्तर काय, हे शाळेतलं मूलही सांगेल.

स्वस्त शिक्षणाचा हा प्रयोग जुना आहे. १८४७ मध्ये टाउनसेंड हॅरिस यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या मतदारांनी शहराच्या पैशातून चालणाऱ्या 'फ्री अकॅडमी'ला मंजुरी दिली. दोन वर्षांनी ती उघडली तेव्हा तिचे पहिले प्राचार्य होरेस वेबस्टर यांनी तिला प्रयोगच म्हटलं. साऱ्या जनतेच्या मुलांना शिकवता येतं का, आणि सर्वोच्च दर्जाची संस्था मूठभरांऐवजी लोकेच्छेने चालू शकते का, हे पाहायचं होतं. त्याच संस्थेचं पुढे सिटी कॉलेज झालं. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क तिथलेच. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेले आणि पुढे इंटेलचे प्रमुख झालेले अँडी ग्रोव्हही तिथूनच १९६० मध्ये केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडले.

ही नावं आम्ही फार आवडीने घेतो. पण त्या काळाची एक बाजू मला अलीकडे जास्त बोचते. ती मोफत व्यवस्था सगळ्यांसाठी नव्हती. शाळेत चांगले गुण मिळवून दिवसाच्या वर्गांना प्रवेश मिळवणाऱ्यांना फी नसे. ज्यांना तो रीतसर प्रवेश मिळत नसे आणि जे रात्रीच्या वर्गांना येत, त्यांच्याकडून मात्र पैसे घेतले जात. म्हणजे ज्यांच्याकडे वेळ होता त्यांना मोफत, आणि ज्यांच्याकडे वेळही नव्हता आणि पैसाही नव्हता त्यांना विकत.

१९६९ मध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तोरिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेज बंद पाडलं. त्यानंतर १९७० पासून शहराच्या शाळा पास होणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे शहराच्या सार्वजनिक कॉलेजांच्या समूहातल्या, कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा मिळू लागली. पाचच वर्षांनी शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं आणि १९७६ मध्ये फी लागू झाली. १२९ वर्षांची परंपरा संपली. फीची चर्चा सगळ्यांना आठवते. त्याच काळात हजारो शिक्षक-कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं, ते फारसं कोणी सांगत नाही. दार उघडल्यावर आत आलेल्यांना सर्वांत जास्त हात लागणार होता, आणि तेव्हाच हात कमी केले गेले.

फी महत्त्वाची की खर्च, या वादात मला डेव्हिड डेमिंग आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेलं काम फार मोलाचं वाटतं. राज्य सरकारांनी कॉलेजांचं अनुदान वाढवलं-घटवलं तेव्हा काय झालं आणि फी गोठवली-वाढवली तेव्हा काय झालं, हे त्यांनी वेगवेगळं तपासलं. खर्च वाढला की विद्यार्थीही वाढले आणि पदव्याही वाढल्या. नुसती फी बदलून तसा परिणाम दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मी अस्वस्थ झाले. फी वाढू नये म्हणून मी घोषणा दिल्या होत्या. तासिका कापल्या गेल्या, चारांऐवजी दोनच तुकड्या ठेवल्या, तेव्हा मी फक्त कुरकुरले होते.

मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण त्याहून टोचणारं आहे. तिथे २००५ पासून परीक्षेत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना राज्याच्या सार्वजनिक कॉलेजांत ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची मूळ फी, माफ करणारी अ‍ॅडम्स शिष्यवृत्ती मिळू लागली. सारा कोहोडेस आणि जोशुआ गुडमन या अभ्यासकांनी पाहिलं तर, या थोड्याशा पैशांसाठी काही मुलांनी जास्त साधनं असलेली कॉलेजं सोडून सार्वजनिक कॉलेज निवडलं आणि त्यामुळे त्यांची पदवी पूर्ण होण्याची शक्यताच कमी झाली. मुलं तीच, हुशारीही तीच. सवलतीच्या चिठ्ठीने त्यांना अशा ठिकाणी नेलं जिथे शिकवणारे आणि सांभाळणारे कमी होते. यावरून सार्वजनिक विद्यापीठं वाईट, असा निष्कर्ष काढणारे मला भेटतात. मी उलटं वाचते. राज्याने फीमाफीवर जितका जीव टाकला तितका त्या कॉलेजांच्या आतल्या व्यवस्थेवर टाकला असता तर?

त्या 'तर'चं उत्तर एका ठिकाणी मिळालेलं आहे, आणि ते आकड्यांत आहे म्हणून मला त्याचं फार अप्रूप. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत 'एसॅप' नावाचा उपक्रम सुरू केला. मदतीतून उरलेली फी माफ, पुस्तकं फुकट, दर महिन्याला बस-मेट्रोचा पास. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाला एक अ‍ॅडव्हायजर, म्हणजे अभ्यासाच्या वाटेवर मार्गदर्शन करणारा सल्लागार, ज्याच्याकडे ६० ते ८० विद्यार्थी असत. नेहमीच्या व्यवस्थेत एका अ‍ॅडव्हायजरच्या वाट्याला ६०० ते १,५०० येत. तो बस-मेट्रोचा पास अ‍ॅडव्हायजरला भेटत राहिलात तरच मिळे, ही युक्ती मला फार आवडते. पैशाची मदत आणि माणसाची मदत एकाच धाग्यात ओवलेली.

तीन कॉलेजांतल्या ८९६ विद्यार्थ्यांवर चिठ्ठ्या टाकून याची चाचणी झाली, म्हणजे कोणाला एसॅप मिळेल हे नशिबावर सोडलं. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २२ टक्के पदवीधर झाले होते, एसॅपमधले ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च साधारण ६० टक्क्यांनी जास्त झाला. हा आकडा ऐकला की अर्थसमितीतली माणसं मागे टेकून बसतात. पण खर्चाला पदव्यांच्या संख्येने भागलं तर दर पदवीमागचा खर्च ११ टक्क्यांनी कमी भरला. छेद बदलला आणि महाग वाटणारी गोष्ट स्वस्त निघाली. नंतर ओहायोतल्या तीन कॉलेजांत हाच आराखडा नेला, तिथेही पदव्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.

एसॅपमध्ये एक अट होती आणि ती मला सलते. पूर्णवेळ शिकायचं. माझा संध्याकाळचा वर्ग त्या अटीबाहेर. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये मोठा गाजावाजा करून आणलेल्या एक्सेल्सिअर शिष्यवृत्तीतही वर्षाला ३० क्रेडिट पूर्ण करायची अट होती. शिवाय बाकी सगळी मदत संपल्यावर उरलेली ट्यूशन तेवढी ती भरणार. म्हणजे ज्यांची ट्यूशन इतर मदतीतून आधीच भागते अशा सर्वांत गरीब मुलांच्या हाती तिच्यातून काहीच पडत नाही, आणि जी पोट भरण्यासाठी काम करतात ती ३० क्रेडिटच्या अटीत अडकतात. या अटी लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, लवकर शिका, लवकर बाहेर पडा. पण त्यांच्या डोळ्यांसमोर अठरा वर्षांचा, घरून पैसे येणारा मुलगा असतो. इंग्लंडने २०१२ मध्ये फीची कमाल मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत नेली तेव्हा अठरा वर्षांची मुलं फारशी कमी झाली नाहीत, गरीब वस्त्यांतलीही नाहीत. हा दाखला फीवाढीचे समर्थक नेहमी देतात. ते सांगत नाहीत ती गोष्ट अशी की त्याच सुमारास तिथले अर्धवेळ विद्यार्थी निम्म्यावर आले. कामावरून येऊन शिकणारी, तिशी-चाळिशीतली माणसं गुपचूप नाहीशी झाली. आकडे कोणाचे मोजायचे हे आधीच ठरलेलं असलं की हे असं होतं.

आमच्याकडेही तेच. अमेरिकेत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं जे अधिकृत प्रमाण वर्षानुवर्षं छापलं जातं ते १९९० च्या एका कायद्यातून आलेलं आहे. कॉलेजात पहिल्यांदाच आलेले आणि पूर्णवेळ शिकणारे, एवढेच विद्यार्थी त्याच्या छेदात धरतात आणि त्यांना चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षं देतात. दुसऱ्या कॉलेजातून आलेले त्यात नाहीत. अर्धवेळ नाहीत. दहा वर्षांनी परत आलेली आई नाही. केंद्र सरकार अलीकडे यांची माहिती वेगळी गोळा करतं, पण वर्तमानपत्रात आणि क्रमवारीत छापून येतो तो जुनाच आकडा. माझ्या ३६ जणांच्या वर्गात त्या व्याख्येत बसणारे किती, हे मी एकदा हात वर करायला लावून मोजलं. अकरा निघाले. उरलेले २५ पास झाले काय आणि गळाले काय, विद्यापीठाच्या त्या आकड्यावर ओरखडाही उमटत नाही.

आकड्यांनीच आमचं मोल दाखवून दिल्याचंही मला आठवतं. २०१७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराच्या नोंदी वापरून तीन कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचा माग काढला. तळाच्या पाचव्या हिश्श्यातल्या कुटुंबांतून येऊन वरच्या पाचव्या हिश्श्यात पोचणारी मुलं कुठली कॉलेजं सर्वांत जास्त घडवतात, असा प्रश्न होता. यादीच्या शेंड्यावर होती लॉस एंजेलिसची कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी. तिथल्या दर शंभरांतले जवळपास दहा विद्यार्थी असे होते. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत येणाऱ्या गरीब मुलांचंही पुढे भलं होतं, पण ती येतातच मूठभर. त्यांतल्या ३८ ठिकाणी तर तळाच्या ६० टक्के कुटुंबांतून जितकी मुलं होती त्याहून जास्त वरच्या एका टक्क्यातून होती. तो अहवाल आला त्या दिवशी आमच्या मजल्यावर लोक एकमेकांच्या खोलीत जाऊन तक्ते दाखवत होते. पण त्याच अहवालात पुढे लिहिलं होतं की गरीब मुलांना वर नेणाऱ्या अशा कॉलेजांत २००० सालानंतर गरीब मुलांचा वाटा घसरत चालला आहे. तो भाग कोणी कोणाला दाखवला नाही.

अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने जे केलं ते वाचून मला माझ्या त्या मंगळवारची खूण पटली. तिथे दर सेमिस्टरला हजाराहून अधिक विद्यार्थ्यांची नावं फी न भरल्यामुळे यादीतून काढली जात. तिथले अधिकारी टिमथी रेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नावं नीट पाहिली तर त्यांत शेवटच्या वर्षात पोचलेले, उत्तम गुण असलेले कितीतरी होते आणि त्यांची थकबाकी काही शे डॉलरची. २०११ पासून विद्यापीठाने स्वतःहून त्यांच्या खात्यात ती छोटी रक्कम भरायला सुरुवात केली. अर्जाची वाटही पाहिली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींवर रोज नजर ठेवणारी व्यवस्था आणली आणि तिच्यासोबत डझनावारी नवे अ‍ॅडव्हायजर नेमले. २००३ मध्ये ३२ टक्के असलेलं पदवीचं प्रमाण दीड दशकात ५० च्या पुढे गेलं आणि गोऱ्या-काळ्या विद्यार्थ्यांतली दरी मिटली.

हे ऐकून अनेक विद्यापीठांनी नुसतं सॉफ्टवेअर विकत घेतलं. आमच्याकडेही आलं. लाल, पिवळे, हिरवे ठिपके दिसायचे. लाल ठिपका दिसला की फोन करणारं माणूस मात्र नव्हतं. जॉर्जिया स्टेटच्या पुढाकाराने अकरा विद्यापीठांत याच पद्धतीच्या मार्गदर्शनाची चाचणी झाली तेव्हाही ठळक फरक जॉर्जिया स्टेटमध्येच दिसला, इतरत्र एकूण फारसा नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

इथवर मी विद्यापीठाबद्दल बोलले. आता माझ्याबद्दल बोलायला हवं.

आठ वर्षं मी बीजगणिताचा पायाभूत वर्ग घेत असे. प्रवेश परीक्षेत गणितात कमी पडलेल्यांना तो सक्तीचा होता. त्याचं क्रेडिट मिळत नसे, फी मात्र लागे, आणि मदतीच्या रकमेतला वाटाही संपे. निम्मे नापास होत. काही जण तोच वर्ग तीनदा करत. मला वाटे, मी त्यांचा पाया पक्का करते आहे. पाया कच्चा ठेवून वर मजले चढवणं हा त्यांच्यावर अन्याय, असं मी तावातावाने सांगत असे आणि ते मनापासून मानत असे.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन कॉलेजांत अशाच सुमारे ९०० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. अलेक्झांड्रा लोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून काहींना नेहमीच्या बीजगणितात बसवलं, आणि काहींना, तितक्याच कच्च्या समजल्या गेलेल्यांना, थेट क्रेडिट मिळणाऱ्या संख्याशास्त्राच्या वर्गात घालून आठवड्याला एक जादा तासिका दिली. बीजगणितात ३९ टक्के पास झाले. संख्याशास्त्रात ५६ टक्के. तीन वर्षांनी पाहिलं तर संख्याशास्त्राच्या गटातले २५ टक्के पदवीधर झाले होते, बीजगणिताच्या गटातले १७ टक्के.

मी ते पान दोन-तीनदा वाचलं. मग माझ्या जुन्या गुणवह्या काढल्या. आठ वर्षांत साडेपाचशेच्या आसपास विद्यार्थी माझ्या त्या वर्गातून गेले होते. त्यांतल्या किती जणांना मी पायाच्या नावाखाली दारातच थांबवलं, हे मला कधीच कळणार नाही. मी निर्दय नव्हते. जास्तीचे तास घेत असे, रात्री दहा वाजेपर्यंत शंका सोडवत असे. पण ज्या वर्गाची त्यांना गरजच नसेल त्या वर्गात मी त्यांचे पैसे, त्यांच्या संध्याकाळी आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास खर्च करवला. आमची फी कमी आहे असं म्हणताना हा खर्च मी कधी धरला नव्हता. पुढच्या वर्षापासून मी तो वर्ग घ्यायला नकार दिला आणि संख्याशास्त्र त्या जादा तासिकेसकट शिकवायला लागले. विभागात वर्षभर कटुता राहिली. काही सहकारी आजही मला दर्जा उतरवणारी म्हणतात. त्यांचं म्हणणं मी टाकून देत नाही, कारण अभियांत्रिकीला जाणाऱ्याला बीजगणित लागतंच आणि ते नीट शिकवायलाच हवं. पण समाजकार्य शिकायला आलेल्या बाईला वर्गसमीकरण येत नाही म्हणून तिची दोन वर्षं खर्ची घालायची, याला मी आता दर्जा म्हणू शकत नाही.

फी, मुदत, सक्तीचे विषय, भरलेल्या तुकड्या, अ‍ॅडव्हायजरची महिनाभर न मिळणारी भेट, हे सगळं विद्यार्थ्याच्या दृष्टीने एकाच किमतीचे भाग आहेत. विद्यापीठाने एक तुकडी कमी करून जे पैसे वाचवले ते कोणीतरी भरतंच, एक आख्खं सेमिस्टर जास्त थांबून. कर्जाच्या आकड्यांतही हेच दिसतं. शैक्षणिक कर्ज थकवणाऱ्यांत सर्वांत जास्त प्रमाण प्रचंड कर्ज असलेल्यांचं असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते पाच हजार डॉलरपेक्षा कमी कर्ज असलेल्यांत जास्त आहे. कारण उघड आहे. एक-दोन सेमिस्टर शिकून ती माणसं बाहेर पडली. कर्ज थोडंच राहिलं, पण ते फेडायला ज्या पदवीचा उपयोग झाला असता ती हातात नाही. कॉलेजात जाऊन पदवीवाचून बाहेर पडलेल्यांची संख्या या देशात चार कोटींच्या घरात आहे.

फी कमी करणं निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. मिशिगनमध्ये गुणवान पण गरीब शाळकरी मुलांना राज्याच्या मुख्य विद्यापीठाने फक्त एक पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षं तुला फी लागणार नाही, आम्ही हमी देतो. एरवीही त्यांना जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरी पत्र मिळालेल्यांतल्या ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांतल्या २६ टक्क्यांनी. स्पष्ट शब्दांत दिलेल्या हमीला इतकं वजन असतं. मला एवढंच हवंय की ही हमी दाराशी संपू नये. "तुझ्या शेवटच्या बारा क्रेडिटपर्यंत ३८० डॉलरसाठी आम्ही तुला काढणार नाही," असंही पत्र कोणीतरी लिहावं.

काही बदललंही आहे. थकबाकीसाठी विद्यार्थ्याची गुणपत्रिका अडवून ठेवण्यावर कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायद्याने बंदी आणली, न्यूयॉर्कने २०२२ मध्ये. आमच्या विद्यापीठात एक छोटा आपत्कालीन निधी उभा राहिला आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी मी माझ्या वर्गातली खातं अडलेली नावं मागून घेते आणि एकेकाला फोन करते. बहुतेकांना माहीतच नसतं. गेल्या सेमिस्टरला सहा नावं होती, पाच वाचली. सहावा फोन उचलत नव्हता.

खिडकीजवळच्या बाकावरच्या त्या मुलीची ई-मेल या उन्हाळ्यात आली, सात वर्षांनी. मला आठवत असेल का, अशी सुरुवात होती. मधल्या काळात आई गेली, शहर बदललं, मुलगी झाली. आता नव्या शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठात तिने प्रवेश घेतला आहे. तिच्या १०८ क्रेडिटपैकी त्यांनी ७१ धरले. असं सर्रास होतं. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण विभागाने २०१७ मध्ये अंदाज मांडला होता की कॉलेज बदलताना विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडतात. माझ्याकडे केलेला संख्याशास्त्राचा पहिला भाग त्यांना त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतो की नाही ठरवता येईना, म्हणून त्या वर्षीचा अभ्यासक्रम मिळेल का, असं तिने विचारलं होतं. तो जुळला तर ७१ चे ७४ होतील.

त्याच रात्री मी जुन्या फाइल शोधल्या. अभ्यासक्रम सापडला, सोबत गुणवहीचं पानही. पहिली चाचणी ८७, दुसरी ९१, अंतिम परीक्षा ८९. अभ्यासक्रमासोबत मी दोन पानांचं पत्र जोडलं, कुठल्या आठवड्यात काय शिकवलं, कुठली उदाहरणं सोडवून घेतली, सगळं लिहून. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. कागद पोचले होते, निर्णयाला महिना लागेल म्हणाले होते. वर्ग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होते, मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा ते सव्वासात. पहिली फी भरायची शेवटची तारीख तिने स्वतःच खाली लिहिली होती आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.